एक उन्हाळा रिकामा: कोथरूडमधल्या एका मोठ्या बेडूक-व्हिव्हेरियमचं प्रकरण

घरात मोठं, झाडांनी भरलेलं व्हिव्हेरियम, म्हणजे प्राणी राहतील अशी काचेची पेटी, बांधून त्यात बेडूक ठेवायचे, हा बेत पुण्यात आता फारसा विरळा राहिलेला नाही. तो फसतो तेव्हा बहुतेक वेळा एकाच क्रमाने फसतो. आधी काच येते, मग झाडं, मग बेडूक, आणि एप्रिल उजाडला की कुणीतरी थर्मामीटर आणतं. या घरात हा क्रम अर्ध्या वाटेवर बदलला गेला, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितोय. घरच्यांची परवानगी आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी पाणवनस्पतींचे टँक लावून देण्याचं काम करतो आणि या कुटुंबाशी ओळख त्यातूनच झाली.

पार्श्वभूमी

जुनी चार मजली सोसायटी, लिफ्ट नाही, दुसऱ्या मजल्यावर टू बीएचके. घरातली सून कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. त्यांना मी मॅडम म्हणतो, इथेही तेच लिहितो. सासरे पिंपरीच्या एका कारखान्यातल्या टूल रूममधून निवृत्त झालेले, त्यांना सगळे बाबा म्हणतात. शिवाय आजी, हिंजवडीला नोकरीला जाणारा मुलगा आणि तिसरीतली नात. हॉलमध्ये तीन फुटी माशांचा टँक काही वर्षं नीट चालू होता. त्यामुळे प्रकाश, पाणी, शेवाळ यांची घराला सवय होती.

मॅडमचा मूळ आराखडा देखणा होता. १५० सेंटिमीटर लांब, ६० खोल, १२० उंच काचेची पेटी. मागच्या भिंतीवर फोमचा खडक, त्यावरून वाहणारा धबधबा, वर पूर्ण काचेचं झाकण, दिवसभर धुकं सोडणारा फॉगर, सगळीकडे मॉस आणि नेचे, आणि या सगळ्यात सहा डार्ट फ्रॉग, म्हणजे छोटे, भडक रंगांचे परदेशी बेडूक. बाबांनी आठवड्याभरात तो मिलिमीटरमध्ये कागदावर उतरवला. या दोघांच्या स्वभावातला फरक पुढे वारंवार कामी आला. मॅडमना झाड सहा महिन्यांनी कुठे पोचेल ते दिसतं, बाबांना वजन कुठे पडेल ते.

पहिला पेच: ठेवायचं कुठे

मॅडमना बंद केलेली पश्चिमेची बाल्कनी हवी होती. फुकटचा उजेड, हॉल मोकळा राहील, पाणी सांडलं तरी चालेल. बाबांनी वजनाचा हिशोब मांडला. ८ मिलिमीटरची काच चौरस मीटरला २० किलो भरते. तळ, पाठ, बाजू, दारं धरून नुसती काच सव्वाशे किलोच्या घरात गेली. त्यात ओली माती, खालचे मातीचे भाजके गोळे, लाकूड, पाणी आणि लोखंडी स्टँड धरला की ३०० किलोच्या वर, आणि हे सगळं एक चौरस मीटरपेक्षा कमी जागेवर. राहत्या खोल्यांसाठी आयएस ८७५ या इमारतींवरच्या भाराच्या भारतीय मानकात धरलेला भार चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो आहे. तो खोलीभर पसरलेल्या भाराचा आकडा असल्याने एका कोपऱ्यात जास्त वजन आलं म्हणून स्लॅब लगेच खचत नाही. पण जागा विचार करून निवडावी लागते एवढं त्यातून कळतं.

"अगं, बाल्कनी बाहेर लटकलेली असते," बाबा म्हणाले. "तिच्यावर तीनशे किलो ठेवून मला रात्री झोप लागायची नाही."

बाल्कनी बाद होण्याचं दुसरं कारण ऊन होतं. काचेच्या बंद पेटीवर दुपारचं थेट ऊन पडलं की आतलं तापमान खोलीच्या कितीतरी वर जातं. स्ट्रक्चरल इंजिनियरला बोलावलं. त्याने हॉल आणि बेडरूममधल्या भिंतीखाली बीम असल्याचं सांगून तिथे, भिंतीला लागून ठेवायला हरकत नाही असं सांगितलं. ती भिंत टीव्हीची होती. टीव्ही बेडरूममध्ये गेला आणि आजींनी संध्याकाळच्या मालिका हॉलमध्ये बघण्याचा हक्क सोडला. या सबंध प्रकल्पातला सगळ्यात मोठा त्याग हाच, असं माझं मत आहे.

दुसरा पेच: कुठले बेडूक

आपल्या रानातले बेडूक आणायचे नाहीत, यावर पहिल्या दिवसापासून एकमत होतं. वन्यजीव संरक्षण कायदा आहेच. शिवाय सह्याद्रीतल्या कित्येक जाती अगदी छोट्या पट्ट्यात राहतात. आंबोली टोड आंबोली आणि आसपासच्या परिसरापुरताच, आणि अतिसंकटग्रस्त. नात पावसाळ्यात डबक्यातून पिल्लं आणायचा हट्ट धरायची. तिला सिंहगडाच्या पायथ्याशी नेऊन डबक्याशेजारी बसवणं, हा त्यावरचा तोडगा निघाला.

डार्ट फ्रॉग मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले. पाळण्यात असलेल्या जाती वन्य जिवांच्या व्यापारावरच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतात. वन्यजीव कायद्यातली २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि साइट्समधल्या जातींसाठी कायद्यात नवी चौथी अनुसूची आली. २०२४च्या नियमांनुसार असा जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने त्याची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करायची असते. एका विक्रेत्याने डार्ट फ्रॉग देऊ केले. कागदपत्रं मागितल्यावर "ते नंतर बघू" असं उत्तर आलं. मुलाने तिथेच बोलणं थांबवलं. लाल डोळ्यांचा रेड-आय ट्री फ्रॉग हा दुसरा पर्याय होता, पण तोही २०१० पासून त्याच परिशिष्टात आहे, म्हणजे मूळ कुठलं आणि कागद कुठले हे प्रश्न तेच.

आजींची शंका वेगळी होती: "ते विषारी असतात ना गं?" डार्ट फ्रॉगचं विष त्यांच्या रानातल्या खाण्यातून, तिथल्या मुंग्या आणि माइटसारख्या बारीक किड्यांतून येतं, पाळण्यात जन्मलेल्यांत ते नसतं. आजींचं समाधान झालं नाही, पण तोवर प्रश्नच मागे पडला होता.

प्राणी कुठला हे ठरलेलं नसताना काच मागवली गेली. इथे मी हरकत घेतली होती. बाबांचं म्हणणं, काचवाल्याकडे तारीख मिळाली आहे, पुढे लग्नसराईत तो मोकळा नसेल. तेही खरंच होतं.

बांधकाम

जिन्यातून जुळलेला टँक वर जाणं शक्य नव्हतं. काचा सुट्या वर आणल्या आणि हॉलमध्येच जोडल्या. सिलिकॉनचा व्हिनेगरसारखा वास काही दिवस घरभर होता.

काचवाल्याने सगळ्या काचा टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेल्या, घ्यायला सांगितलं. दारांसाठी ते योग्य. पण तळाला निचऱ्याचं भोक पाडायचं होतं, आणि टफन्ड काचेला नंतर भोक पाडता येत नाही. पाडायला जाल तर तिचा चुरा होतो. भोक आधी पाडून मग काच टफन करावी लागते. माप पक्कं नसल्याने तळ १० मिलिमीटरच्या साध्या काचेचा घेतला आणि भोक जागेवर पाडलं. स्टँड आणि काच यांच्यामध्ये फोमची शीट. हा छोटा निर्णय वाटतो, पण निचरा नसलेलं व्हिव्हेरियम वर्षभरात खालून कुजायला लागतं. एकदा माती भरल्यावर ते दुरुस्त करायचं म्हणजे सगळं उपसणं.

थर असे: तळाला पाच सेंटिमीटर मातीचे भाजके गोळे, वर नायलॉनची जाळी, त्यावर दहा सेंटिमीटर माती. मातीत कोकोपीट, कोळशाचा चुरा, पाइनची साल, ऑर्किडसाठी मिळणारं स्फॅग्नम मॉस. सर्वात वर देशी बदामाची वाळलेली पानं, उकळून पुन्हा वाळवलेली. बदामाची झाडं सोसायटीतच आहेत, पानांना खर्च शून्य. पाठीमागे पीयू फोमचा खडक. फोम पूर्ण सुकल्यावर बाबांनी तो कानशीने आणि सुरीने कोरला, मग सिलिकॉन लावून त्यावर कोकोपीट दाबलं. लाकूड माशांच्या दुकानातलं ड्रिफ्टवुड. वेताळ टेकडीवर सुकलेलं लाकूड पडलेलं असतंच की, अशी सूचना घरातून आली होती. टेकडीवरून काहीही उचलायचं नाही, असं मॅडमनी ठरवलं.

पाण्याच्या फवाऱ्यासाठी महागडी परदेशी यंत्रणा न घेता बाबांनी घरगुती आरओ फिल्टरमध्ये असतो तो बूस्टर पंप वापरला. सोबत ०.३ मिलिमीटरचे चार नोझल, वीस लिटरचा कॅन, एक टायमर. दुरुस्तीचे सुटे भाग कोपऱ्यावरच्या फिल्टरवाल्याकडे मिळतात, ही त्यातली खरी सोय.

झाडांवरून मात्र वाद झाला. मॅडमना पावसाळ्यात कातळावर उगवणारा बेगोनिया, तेरडे, कातळावरचं मॉस असं सह्याद्रीचं रूप हवं होतं. पण ही झाडं चार महिने दिसतात आणि उरलेलं वर्ष कंदाच्या किंवा बियांच्या रूपात झोपतात. बारमाही ओल्या पेटीत त्यांची झोपच मोडते. हे मॅडमना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मान्य करायला वेळ लागला, इतकंच. शेवटी नर्सरीतली झाडं आली: मनीप्लांट, सिंगोनियम, फायकस प्युमिला, दोन जातींचे फिलोडेंड्रॉन, बर्ड्स नेस्ट फर्न, होया, काही ब्रोमेलियाड. नर्सरीतल्या झाडांवर बहुधा कीटकनाशक मारलेलं असतं, आणि त्यातली काही झाडाच्या रसात मुरतात. त्यामुळे प्रत्येक झाड मातीतून काढून मुळं धुतली, नव्या मातीत लावून गच्चीवर सहा आठवडे ठेवलं. मग डब्यात वाढवलेले स्प्रिंगटेल, म्हणजे मातीतले बुरशी खाणारे बारीक किडे, त्या मातीत सोडून बघितले. दोन कुंड्यांतले मेले. ती झाडं बाल्कनीतच राहिली.

निर्णायक वळण: बेडूक आणायचे की थांबायचं

जानेवारीअखेर टँक हिरवागार झाला होता. पुण्याची ती सुखाची हवा. हॉलमध्ये दुपारी २६, आत २५. फोटो बघून कुणीही म्हणेल, आता बेडूक आणा. मॅडमही तेच म्हणत होत्या. बाबांनी नकार दिला. कारखान्यात नवं मशीन आलं की आधी माल न घालता चालवून बघायचे, हा त्यांचा जन्माचा संस्कार. "एक उन्हाळा रिकामा चालव. मेली तर झाडं मरतील. जीव नको."

मॅडमना हे पटायला आठवडा गेला. नात रुसली. पण तीन थर्मामीटर आले: एक झाकणाखाली, एक मध्यावर, एक पानांमध्ये. आर्द्रता मोजणारे हायग्रोमीटर दोन. नोंदी करायचं काम नातीकडे.

२०२४च्या एप्रिलमध्ये वहीत आलेले आकडे असे. दुपारी चारला हॉल ३३ ते ३४ अंश, हवेतली आर्द्रता २५ टक्क्यांच्या आसपास. टँकमध्ये झाकणाखाली ३५, मध्यावर ३३, तळाशी ३०. आर्द्रता ९५च्या वर. म्हणजे बाहेरची खोली गरम पण कोरडी, आत गरम आणि ओलीचिंब. बेडकासाठी दुसरी अवस्था जास्त वाईट. ओल्या कातडीवरचं पाणी उडालं तर त्याचं अंग गार होतं. हवा आधीच पाण्याने भरलेली असेल तर ते उडतच नाही. काचेचं पूर्ण झाकण, धबधबा आणि फॉगर यांनी मिळून ती सोय बंद करून ठेवली होती. बहुतेक डार्ट फ्रॉगना २९-३० अंशांवर त्रास सुरू होतो. मार्चमध्ये ते आले असते तर एप्रिलमध्ये गेले असते, यात मला शंका नाही.

एका गुरुवारी आणखी एक गोष्ट समोर आली. देखभालीसाठी वीज आणि पाणी बंद ठेवण्याचा पुण्याचा वार. पाच तास पंप, पंखे, दिवे सगळं बंद. धबधब्याचं पाणी खाली उतरून मातीत शिरलं आणि निचऱ्याच्या थराच्या वर आलं.

तोललेले पर्याय

मे महिन्यात या घराच्या डायनिंग टेबलावर जे बोलणं झालं ते दोन-तीन संध्याकाळी चाललं. थोडक्यात:

हॉलला एसी बसवून एप्रिल-मे चोवीस तास चालवायचा. मुलाची तयारी होती. बाबांनी विजेचं बिल आणि गुरुवार दोन्ही मांडले. वीज गेल्यावर तासाभरात खोली पुन्हा तापणार, आणि तीही बेडूक आत असताना.

टँकला स्वतंत्र कूलिंग. पाण्याच्या टँकसाठी चिलर मिळतो, हवेसाठी एवढ्या आकाराचं विश्वासार्ह काही सापडलं नाही.

बेडूक आणायचेच नाहीत, फक्त झाडं ठेवायची. आजींची पसंती याला. खरं सांगायचं तर माझीही जवळजवळ हीच होती.

टँक उघडा करायचा, हवा खेळती करायची, आणि त्या हवेत ज्याचं निभेल असा प्राणी निवडायचा. हा पर्याय मॅडमनी मांडला, आणि त्यासाठी त्यांना आपलं मॉस सोडावं लागणार होतं.

शेवटचा ठरला.

काय बदललं

झाकणाची मधली काच काढून तिथे स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी बसवली. प्लॅस्टिकची नाही, कारण खाद्य म्हणून सोडलेले क्रिकेट किडे ती कुरतडतात. दारांच्या खाली पाच सेंटिमीटरची जाळीची पट्टी. गार हवा खालून आत, गरम हवा वरून बाहेर. धबधबा पूर्ण काढला, फॉगरही. दिव्यांना वीज पुरवणारे ड्रायव्हर, जे तापतात, ते टँकच्या बाहेर, स्टँडखाली नेले. उन्हाळ्यात दिवे पहाटे लागून दुपारआधी बंद होतील असा टायमर लावला. जाळीवरून आडवी हवा फेकणारे कॉम्प्युटरचे दोन छोटे पंखे, त्यांना आणि फवाऱ्याला छोटा इन्व्हर्टर.

पुण्याचा कोरडा उन्हाळा इथे कामाला आला. माठातलं पाणी गार होतं त्याच न्यायाने, फवारा मारून वरून पंखा फिरवला की मधला थर ३३ वरून २८-२९वर उतरायचा. मुंबईत हे चाललं नसतं. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, वळीव पडून हवा दमट झाली पण उकाडा हटला नव्हता तेव्हा, पंख्याचा उपयोग कमी झाला. ते दिवस वर्षातले सगळ्यात अवघड, मे नव्हे.

किंमत मॅडमच्या मॉसने मोजली. दुपारी आर्द्रता ५५-६० पर्यंत उतरायला लागली आणि मॉस, नाजूक नेचे गेले. मनीप्लांट, होया, फायकस यांना काही फरक पडला नाही.

पाण्याचाही धडा याच उन्हाळ्यात मिळाला. महापालिकेचं पाणी खडकवासल्याच्या धरणसाखळीतलं, मऊ. मे महिन्यात सोसायटीत टँकर सुरू झाला, त्याचं पाणी बोअरचं, जड. दोन आठवड्यांत नोझल तुंबले आणि पानांवर पांढरे डाग पडले. तेव्हापासून फवाऱ्याला आरओचं पाणी. बेडकांच्या डुंबायच्या भांड्यात मात्र आरओचं नाही, क्लोरीन काढलेलं नळाचं, कारण बेडूक कातडीतून पाणी घेतो आणि क्षार अजिबात नसलेलं पाणी त्याला मानवत नाही. हा फरक बऱ्याच जणांना माहीत नसतो.

बेडूक

२७-२९ अंश, अधूनमधून ३०च्या वर, मध्यम आर्द्रता, मजबूत फांद्या. या मापात बसणारा प्राणी म्हणजे ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीमधला व्हाइट्स ट्री फ्रॉग. हौशी लोकांत त्याला डंपी म्हणतात. कोरडा काळ सहन करतो, रात्री हिंडतो, मादी दहा-अकरा सेंटिमीटरपर्यंत वाढते, पंधरा वर्षं जगू शकतो. साइट्सच्या परिशिष्टांत नाही. दुसऱ्या शहरातल्या एका पाळणाऱ्याकडे अंड्यापासून वाढलेली चार पिल्लं मिळाली, लेखी बिलासह.

जुलैमध्ये आली, पण टँकमध्ये नाही. प्लॅस्टिकच्या स्वतंत्र डब्यांत, ओल्या टिशूवर, दोन महिने. नातीला हे दुसऱ्यांदा थांबणं फार जड गेलं. तिसऱ्या आठवड्यात एक पिल्लू खाईनासं झालं आणि गेलं. वेगळे प्राणी बघणाऱ्या पशुवैद्यांनी उरलेल्यांची विष्ठा तपासली, जंत निघाले, वजनाप्रमाणे औषध दिलं. ती पिल्लं थेट टँकमध्ये सोडली असती तर जंत त्या सगळ्या मातीत पसरले असते, आणि माती औषध देऊन बरी होत नाही.

टँकचं सांडपाणी हाही याच काळात ठरलेला विषय. कायट्रिड बुरशीने जगभर बेडकांच्या जाती संपवल्या आहेत, आणि उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांमध्ये तिचा संसर्ग आढळल्याचं संशोधन २०१३ साली प्रसिद्ध झालं. परदेशी बेडकाच्या टँकमधलं पाणी सोसायटीच्या बागेत ओतायचं नाही. ते बादलीत ब्लीच घालून तासभर ठेवतात, मग संडासात. जुनी माती आणि झाडांची छाटणीही कचऱ्यात, बागेत नाही.

सप्टेंबरमध्ये तिघं टँकमध्ये गेली.

त्यानंतर

पहिल्या आठवड्यात लाकडावर पांढरी बुरशी उगवली, आजी घाबरल्या. स्प्रिंगटेलनी महिन्यात ती खाऊन टाकली. मनीप्लांटची कोवळी पानं बेडकांच्या वजनाने मोडली, जुनी टिकली. फोमच्या खडकावर लावलेली ब्रोमेलियाड एकेक करून उपटली गेली.

खाद्य ही खरी घरगुती लढाई ठरली. शाकाहारी घरात जिवंत क्रिकेट किड्यांचा डबा. ठरलं असं की डबा स्वयंपाकघरात येणार नाही, कॅल्शियमची पावडर वेगळ्या डब्यात आणि त्यावर लाल चिकटपट्टी. तरी एकदा झाकण नीट लागलं नाही आणि आठ-दहा किडे फ्रिजमागे गेले. रात्रभर रातकिड्यांचा आवाज. आजी सकाळी म्हणाल्या, "एवढं गाव सोडून पुण्यात आलो, आणि हे परत घरात!"

पहिल्या वर्षाअखेर एका मादीच्या डोळ्यांवरची कातडी घडीसारखी लोंबायला लागली. डंपीमध्ये ही लठ्ठपणाची खूण. चौकशी केल्यावर कळलं, नात आणि बाबा दोघंही स्वतंत्रपणे रोज रात्री भरवत होते. मोठ्या झालेल्या बेडकाला आठवड्यातून दोन-तीनदा पुरतं. फ्रिजवर तक्ता लागला, जो भरवेल त्याने सही करायची. बेडकाला हात लावला तर आधी आणि नंतर हात धुवायचे. साल्मोनेला जिवाणूचा धोका, आणि घरात लहान मूल.

२०२५चा उन्हाळा बेडकांसह पार पडला. मधल्या थराचं तापमान एकदाच ३०.५ला गेलं. मेच्या शेवटी वळीव आला त्या रात्री नर ओरडायला लागला. आवाज बेडकाचा वाटत नाही, खोल आणि भुंकल्यासारखा. सकाळी खालच्या मजल्यावरून निरोप आला, "तुमच्याकडे कुत्रा आणला का?"

एकूण खर्च सव्वा लाखाच्या पुढे गेला. त्यात बेडकांचा वाटा अगदी थोडा. बराच भाग काचेचा, आणि नंतर जे काढून टाकलं त्याचा, म्हणजे झाकण, धबधबा, फॉगर आणि फोमवरची मेहनत.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट तापमानाची नोंद. रिकामा उन्हाळा टँक बांधल्यावर गेला. तो काच मागवण्याआधी, नुसत्या भिंतीवर थर्मामीटर टांगून, गेला असता तर काचेचं झाकण आणि धबधबा आराखड्यातच आले नसते. हॉल एप्रिलमध्ये ३४ला जातो एवढं कळायला सव्वाशे किलो काच लागत नाही. मॅडमचं यावर म्हणणं वेगळं आहे. टँक समोर नसता तर कुणी रोज आकडे लिहिले नसते, आणि खोलीचे आकडे टँकच्या आतल्या ओलीबद्दल काही सांगत नाहीत. त्यांचा मुद्दा मला पूर्ण खोडता येत नाही.

उंची १२० करण्यापेक्षा खोली ६० ऐवजी ७५ केली असती तर हात मागच्या कोपऱ्यापर्यंत पोचला असता, असं सफाई करणारे बाबा म्हणतात. मला उलट वाटतं, जास्त खोल केली असती तर तो मुळीच पोचला नसता. निचऱ्याचं भोक मात्र आणखी मोठं हवं होतं, यावर वाद नाही. बदामाच्या पानांचा चुरा त्यात अडकतो आणि वर्षातून एकदा नळी घालून ते मोकळं करावं लागतं.

आजाराने गेलेल्या पिल्लाची तपासणी करून घ्यायला हवी होती. दुःखात ते राहून गेलं आणि कारण अंदाजावर राहिलं. बेडकांची मूळ खरेदी तरी एकाच्या ऐवजी दोन ठिकाणांहून करावी का, यावर माझं स्पष्ट मत आहे: नाही. दोन ठिकाणं म्हणजे दोन आजारांची शक्यता.

सध्या घरात नवा विषय चालू आहे. बाबांना रेन चेंबर, म्हणजे आत पावसासारखं पाणी पाडणारी पेटी, बांधून प्रजनन करून बघायचंय; पंप, नोझल, टायमर सगळं हाताशी आहे. डंपीची मादी एका वेळी शेकड्यांनी अंडी घालते. पिल्लं कोण घेणार हे लेखी ठरल्याशिवाय चेंबरची काच मागवायची नाही, असं मॅडमनी सांगितलंय. बाबांनी आतापर्यंत तीन जणांची नावं आणली आहेत, त्यातल्या दोघांकडे हॉलचं तापमान मोजलेलं नाही.